कंस नसलेली आत्या

आपल्या कोडमध्ये चूक निघणार नाही, असं ढब्बू छातीठोकपणे सांगायची, आणि समोरच्याला राग यावा इतक्या वेळा ते खरंही ठरायचं. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या कार्यालयात तिचं काम एकच: डेटाबेसमधून आलेल्या ओळी जेसनमध्ये, म्हणजे वेबपानाला कळेल अशा मजकुरात, बसवून द्यायच्या. नर्सने फोनवर पत्ता उघडला की त्या घरात राहणाऱ्यांची यादी दिसायची. ती यादी ढब्बूच्या हातची.

बुधवारी आत्याचा फोन आला. "पायाची जखम चिघळलीय गं. जुन्या नर्सला घर पाठ होतं; आता नवी आली म्हणे, पण दोन आठवडे इकडे कुणी फिरकलं नाही."

पाठोपाठ आत्याच्या मुलाचा, दादाचा. "मी चौकशी केली. नर्सच्या फोनवर घर रिकामं दिसतंय. आई हल्ली विसरतेय; नर्सने बेल वाजवली तेव्हा दार उघडलं नसेल, आणि आता तेही तिला आठवत नसेल. रविवारी तिला वृद्धाश्रमात नेतोय. खोकीसुद्धा आणलीत." दादा वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरला की तो आधी सामान बांधायला घ्यायचा.

"आत्या काही विसरत नाही," ढब्बू म्हणाली. "माझे दहावीचे मार्क तिला अजून पाठ आहेत, दुर्दैवाने."

तिने आत्याचं घर डेटाबेसमध्ये शोधलं. एक ओळ आली: नाव, वय, पत्ता, सगळं जागच्या जागी. मग तेच घर वेबपानावर उघडलं. 'इथे कोणी राहत नाही.' म्हणजे मधल्या मध्ये आत्या गळली होती, आणि ते मधलं काम ढब्बूचं होतं.

शेजारचं नवरा-बायकोचं घर नीट दिसत होतं: दोन नोंदी, चौकोनी कंसात. आत्याच्या नोंदीला कंसच नव्हता. ढब्बूची कानशिलं तापली. कंस तिनेच काढला होता, तीन आठवड्यांपूर्वी, मोठ्या ऐटीत. ओळ एकच असेल तर यादी कशाला, नुसता माणूस पाठवू, असं म्हणून. वेबपान मात्र कंसातलीच माणसं मोजायचं.

अशी एकाच ओळीची घरं किती? चारशे बारा. आता तिला खरोखरच लाज वाटली. एकटं राहणाऱ्यांसाठीच तर हे कार्यालय निघालं होतं.

तिने ती हुशारी खोडून टाकली. रिकामं घर, एकाचं घर, दोघांचं घर, तिन्ही तपासली. तिन्हींना कंस आला. मग चारशे बारा पत्ते छापून ती मुख्य नर्सच्या टेबलापाशी गेली. "चूक माझी आहे. ही घरं आधी घ्या." निस्तरता येईल हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याकडे असतानाच बेल वाजली. दादा स्वयंपाकघरातली भांडी कागदात गुंडाळत होता. दारात नर्स, हातात फोन.

"इथे एक जण राहतं असं दिसतंय. कोण?"

"मी," आत्या म्हणाली आणि पाय पुढे केला.

नर्सने जखम धुऊन ड्रेसिंग केलं. नर्स गेल्यावर ढब्बूने एका दमात सांगून टाकलं. "आत्या, चूक माझ्या कोडची होती. तू एकटी, म्हणून मोजलीच गेली नाहीस."

"गणितात त्र्याहत्तर होते तुला," आत्या म्हणाली. "एक मोजायला तेवढे पुरायला हवे होते."

मग ती मुलाकडे वळली. "आणि चहाचं भांडं कुठल्या खोक्यात घातलंस, आठवतंय का?"

दादाला आठवत नव्हतं. त्याने पाचही खोकी उघडायला घेतली.