खरी तारीख सोमवारची

"मानलं बुवा तुम्हाला," बांधकाम कंपनीचे मालक टेबलावर नकाशे पसरत म्हणाले. "सोमवारी द्यायचं काम आज गुरुवारीच हजर. नाहीतर बाकीचे, आज देतो, उद्या देतो करत नुसत्या चपला झिजवायला लावतात."

नकाशे घेऊन आलेल्या साहेबांची मान ताठ झाली, पण क्षणभरच. शेजारी त्यांच्याच ऑफिसातल्या ताई बसल्या होत्या. नकाशे त्यांनीच काढलेले आणि समजावून सांगायलाही त्याच आलेल्या. 'सोमवार' ऐकताच त्यांचं बोट कागदावर होतं तिथेच थांबलं. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात त्या जिन्याची मापं सांगू लागल्या. साहेबांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

साहेब एका आर्किटेक्टच्या ऑफिसातले प्रोजेक्ट मॅनेजर. काम वेळेत म्हणजे वेळेत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना टाइमटेबल म्हणत. आणि त्यांची युक्ती ती काय? गिऱ्हाइकाची तारीख पोटात ठेवायची आणि माणसांना चार दिवस अलीकडची सांगायची. गळ्याशी आल्याशिवाय माणूस हलत नाही, हा त्यांचा सिद्धांत. घरीसुद्धा कुठे निघायचं झालं की ते तासभर आधीची वेळ सांगत. बायकोने हे केव्हाच ओळखलं होतं. ती तेवढ्यात खुशाल एक डुलकी काढून घ्यायची. ऑफिसातली माणसं मात्र भाबडी. त्यांचा साहेबांवर विश्वास होता.

ताईंचा तर सगळ्यात जास्त. गेल्या आठवड्यात त्या रजा मागायला आल्या होत्या. गावी वडिलांच्या घशाचं ऑपरेशन या बुधवारी, म्हणजे काल, ठरलं होतं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्याआधी एक दिवस बाबांजवळ बसून त्यांचं बोलणं ऐकायचंय, एवढंच ताईंचं म्हणणं. साहेबांच्या अगदी जिभेवर आलं होतं, की अहो, जा, काम सोमवारी द्यायचंय. पण एकाला खरी तारीख कळली की सगळ्यांना कळणार, मग बसा बोंबलत. त्यांनी चेहरा गंभीर केला आणि गुरुवार चुकला तर गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून सांगितलं. वर शहाणपणाही शिकवला, की फोनवर बोला ना पोटभर. ताई म्हणाल्या, बाबांना फोनवर बोलताच येत नाही. 'बरी आहेस ना, ठेवतो' याच्या पुढे त्यांची गाडी जात नाही. एवढं बोलून त्या मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या होत्या.

परतताना गाडीत साहेबांनी मनातल्या मनात एक थाप जुळवली. मालकांनी तारीख मागाहून वाढवली, सांगायचं राहून गेलं. थाप चांगली होती, खपलीही असती.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ताईंनी समोर बघतच विचारलं, "सर, आधीपासूनच सोमवार होता?"

जुळवलेली थाप ओठांपर्यंत आली आणि तिथेच मेली. "हो," ते म्हणाले.

"मी रजा मागितली तेव्हाही?"

"तेव्हाही. चुकलं माझं, ताई."

साहेबांना स्वतःची लाज वाटली, इतकी की स्टिअरिंगवरचे स्वतःचे हातही बघवेनात. ताईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घाईघाईने ते म्हणाले, की आजच निघा, हवे तितके दिवस राहा, पगार कापला जाणार नाही, तुमचं काम मी बघतो. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळत होतं, की आपण काय देतोय आणि केव्हा.

"जाईन ना," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण आता घाई नाही, सर. आता कधीही गेलं तरी चालेल."

मागून हॉर्न वाजायला लागले. साहेब तसेच बसून राहिले.

"सर, सिग्नल सुटलाय," ताईंनीच हळू आवाजात सांगितलं. "मागचे खोळंबलेत."