बाबांसाठी काहीतरी सुचव

मी दात करतो. दातांचा डॉक्टर नव्हे हं. डॉक्टर लोकांना खुर्चीत बसवून तोंडात डोकावतात, जबड्याचा ठसा घेतात आणि तो डब्यात घालून माझ्याकडे पाठवून देतात. त्यावरून मी कवळी करतो. ज्यांच्यासाठी दात केले त्यांच्यातल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलेलं नाही. माणसं माझ्या दातांनी हसतात, जेवतात, सुनांना टाकून बोलतात, आणि मी इथे एका खोलीत मेण खरवडत बसतो. तक्रार नाही माझी. नुसतं सांगतोय.

बायको होती तोवर घरात बोलणं होतं. बोलायचं खातंच तिच्याकडे होतं. लेकीला काय हवं ते लेक आईला सांगायची, आई मला सांगायची, मी "बरं" म्हणायचो, आणि त्या "बरं"ला चार गोड शब्द जोडून आई ते लेकीपर्यंत पोचवायची. बायको गेली आणि मधलं माणूसच गेलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. दर रविवारी फोन करायची.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"बरी आहेस ना?"

"हो."

"बरं, ठेवू?"

आणि मी ठेवायचो. मग त्या मुक्या फोनकडे बघून स्वतःलाच म्हणायचो, अरे गाढवा, विचारायचं होतंस की काहीतरी! काय विचारायचं, ते मात्र तेव्हाही सुचायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात ॲनिमे कुठून आलं. लेकीमुळेच आलं. एकदा सुट्टीला आली होती, तेव्हा सोफ्यावर बसून मोबाइलकडे बघत एकटीच हसत होती. मी धीर करून विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "आमचा ॲनिमेवाल्यांचा ग्रुप आहे बाबा. मी चालवते. तिथे मला टाचणी म्हणतात." मी म्हटलं, "म्हणजे ती जपानी कार्टुनं?" झालं! तिचा चेहरा मिटला. "कार्टून नाही म्हणत त्याला," एवढंच बोलली आणि मोबाइल पालथा ठेवून दिला.

ती गेल्यावर मी तो ग्रुप शोधून काढला. नाव घेतलं 'घुबड'. लेक काय वाचून हसते ते बघायचं, एवढाच विचार होता. देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं.

ग्रुप भुताखेतांच्या आणि काळात मागेपुढे जाणाऱ्या मालिकांचा. टाचणीचे नियम कडक. ज्याला मालिका हवी असेल त्याने आधी काय काय पाहिलंय आणि सध्या मनाचं काय चाललंय ते लिहायचं. सुचवणाऱ्याने एकच नाव द्यायचं, आणि ते याच माणसाला का, तेही लिहायचं. तिचं म्हणणं, दहा नावं फेकतो तो मित्र नव्हे, दुकानदार. शेवट फोडला तर हकालपट्टी, मग तो कोणी का असेना.

आधी नुसता वाचायचो. मग ठशात ओतलेलं प्लास्टर सुकेपर्यंत एखादा भाग बघायला लागलो. एका मालिकेत लिफ्टचं दार गेल्या वर्षात उघडतं. दुसरीत एक म्हातारं भूत लोकांच्या सावल्या भाड्याने घेतं. म्हटलं, काय हा पोरखेळ! आणि त्या सावल्यांच्या नादात माझं मेण गार होऊन वाटीत बसलं तरी मला पत्ता नाही. त्या दिवसापासून मी पुरता वाया गेलो.

सुचवणं मला जमायला लागलं. त्यात विशेष काही नाही. दात बसायचा तर जबड्याचं माप नीट हवं, तसंच हे. एका नर्सबाईने लिहिलं, भुताची हवी, पण कोणी मरायला नको, मरणं दिवसभर बघते. तिला सावल्यांची दिली. एका टॅक्सीवाल्याला त्याच्या हातून निसटलेला एक दिवस छळत होता, आणि लोक त्याला लिफ्टची सुचवत होते. मी भडकलो. म्हटलं, अरे अक्कल आहे का! तिच्यात मागे जाऊन सगळं सुधारतं. तो बिचारा ते बघेल आणि मग घरी बसून करील काय? लोक हसले, पण ऐकलं. पुढे पुढे अवघड गिऱ्हाईक आलं की टाचणीच म्हणायची, "घुबडाला विचारा."

मग ती घुबडाशी खाजगीतही बोलायला लागली. तिला वाटलं, असेल कोणीतरी आपल्याच वयाचा, जरा म्हाताऱ्यासारखं लिहिणारा. "अरे घुबडा, आज काय झालं माहितीये?" अशी सुरुवात, की पुढे पानभर. ज्याच्याशी लग्न ठरत होतं त्याने पाठ फिरवली, ते तिने घुबडाला सांगितलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तेही सांगितलं. रविवारच्या फोनवर जे नुसतं "हो" असायचं, ते इथे सगळं उलगडून असायचं. मी हात धुऊन, चष्मा पुसून उत्तरं लिहायचो. चांगली लिहायचो, खोटं कशाला बोलू? माझी लेक माझ्याशी बोलत होती, आणि मी तिथे नव्हतो. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि मग तिचा तो निरोप आला.

"घुबडा, आज मला हवीये. ग्रुपवर विचारत नाही, घरचं आहे. बाबांसाठी काहीतरी सुचव. माप देते. साठी उलटलीय. पाहिलेलं काहीच नाही, बातम्या सोडून. बोलत नाहीत. फोनवर 'ठेवू?' म्हणायची इतकी घाई की वाटतं, मी त्यांचा वेळ खातेय. आई होती तेव्हा वाटायचं, स्वभाव असेल. आता वाटतं, मी त्यांना फारशी आवडतच नाही. मी परदेशातली नोकरी घेतलीये. जायच्या आधी दोन दिवस त्यांच्याकडे जाणारे. एकदा काहीतरी बरोबर बसून बघावं म्हणते. तेही नाही जमलं तर हे रविवारचे फोन बंद करीन. उगाच दोघांनाही जुलूम."

मी ते वाचलं. परत वाचलं. आवडत नाही म्हणे! अगं, तुझं एक वाक्य वाचायला मिळावं म्हणून हा म्हातारा भुतं बघत बसलाय! पण ओरडणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"टाचणी, अगं मी" एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. जगात ती एकाच माणसाशी मोकळं बोलत होती. तो माणूस बाप निघाला तर तिला काय वाटेल? बाप तिला नव्हताच. आता मित्रही गेला असता.

मग मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं. "'उलटा जिना' ही मालिका दाखव. मी ग्रुपात नवा होतो तेव्हा तूच मला दिली होतीस, तुला पाठ आहे. त्यांना नवीन असेल. तिच्यात कोणी फार बोलत नाही, त्यांना बरं पडेल. आणि एक सांगू? काही बापांना माया असते, पण बोलता येत नाही. फोन ठेवायची घाई नसते त्यांना. पुढे काय बोलायचं, याची भीती असते."

तिने लिहिलं, "तुला रे काय माहीत बापांचं?"

मी लिहिलं, "ऐकून आहे."

लेक आली. मोठी बॅग दारातच ठेवली, म्हणजे उघडायचीही नव्हती. दुपारी म्हणाली, "बाबा, एक बघू या का बरोबर? कंटाळा आला तर सांगा." तिने टीव्हीवर ती मालिका शोधून लावली, पडदे ओढले. ती सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या.

'उलटा जिना'त एक बाई आपल्या इमारतीचा जिना उतरते आणि दर मजल्याला एक वर्ष मागे जाते. पण मागे गेल्यावर ती कोणालाच दिसत नाही. तिथलं भूत म्हणजे तीच. मला तो जिना पायरीपायरीने ठाऊक. तरी चोराच्या मनात चांदणं! अडाणी दिसावं म्हणून मी सारखे प्रश्न विचारत होतो.

"ही कोण?"

"आत्ताच आलीये ती बाबा. बघा ना."

"भूत आहे का?"

"बघा ना!"

पण ती हसत होती. तिला वाटलं, बाबा विचारतायत म्हणजे रस घेतायत. एका भागानंतर म्हणाली, "अजून एक लावू?" मी म्हटलं, "लाव." इतकी खूश झाली पोरगी की मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी तिने दोघांसाठी चहा केला आणि सोफ्यावर मधोमध येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेवटाकडचा एक भाग आला. त्यात एक जागा आहे. काय होतं ते मी तुम्हालाही सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. एवढंच सांगतो, जिन्यातला दिवा जातो आणि पुढचं एक वाक्य अंधारात ऐकू येतं. पहिल्यांदा बघणारा माणूस तिथे पडद्यावरची नजर हलवूच शकत नाही. पण ज्याने आधी पाहिलंय आणि दुसऱ्याला दाखवायला बसलाय, तो त्या क्षणी पडदा बघत नाही. शेजारच्याचं तोंड बघतो. सुचवणाऱ्याची सगळी मजुरी तेवढीच असते.

दिवा गेला. मी लेकीकडे वळून बघितलं. लेक माझ्याकडे बघत होती.

ते वाक्य आलं आणि गेलं. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. मग तिने रिमोट उचलून मालिका थांबवली.

"बाबा, तुम्ही हे आधी पाहिलंय."

"छे, मी कुठे..."

"बाबा."

"पाहिलंय."

"तुम्ही? ॲनिमे?" तिला हसावं की काय करावं कळेना. "कोणी सांगितलं तुम्हाला ही बघायला?"

खोटं बोलता आलं असतं. एखाद्या डॉक्टरचं नाव पुढे केलं असतं तरी तिने मानलं असतं. पण समोरासमोर बसून तिने मला इतक्या उत्सुकतेने कधी काही विचारलंच नव्हतं. मला नाही बोलवलं खोटं.

"तूच," मी म्हणालो.

"मी? मी कधी तुम्हाला..." आणि ती थांबली. ते तिच्यापर्यंत कसं पोचत गेलं ते मी बघत होतो. तिचे ओठ पांढरे पडले.

"घुबड?" अगदी हळू विचारलं तिने.

मी मान हलवली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नाही, नळाचा नाही. मला वाटलं, ओरडेल, बॅग उचलून चालू लागेल. बऱ्याच वेळाने येऊन दारात उभी राहिली. डोळे लाल.

"मी त्याला सगळं सांगत होते."

"हो."

"तुमच्याबद्दलसुद्धा."

"हो. वाचलं मी."

"मला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं हो बाबा. आता तुमच्याबद्दल मी कोणाशी बोलायचं?"

अख्ख्या ग्रुपाला माप घेऊन उत्तरं देणारा मी, स्वतःच्या लेकीसमोर ठोंब्यासारखा बसून राहिलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने तरी तक्रार कोणाकडे न्यावी?

सकाळी ती गेली. दारात वाकून नमस्कार केला, माझ्या डोळ्यांकडे न बघता. मी "सांभाळून जा" म्हणालो. टीव्हीवर तो जिना तसाच अर्ध्यात थांबलेला होता, तो मीच बंद केला.

रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ग्रुपवर टाचणीने एक अक्षर लिहिलं नाही. लोक घुबडाला विचारत होते, घुबडा, हे पाहिलंय, ते पाहिलंय, आता पुढे काय बघू? मी वाचायचो, पण कोणालाच एक नाव सुचवता येईना. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात घालायचे दात घासायचो आणि एका ताटाचं जेवण करून झोपायचो. टेबलावर नव्या कवळ्यांची रांग असायची, सगळ्या दात दाखवत. एकदा रागाने त्यांच्यावर फडकं टाकलं. काय सांगू, फार वाईट दिवस होते ते.

मग एका सकाळी, ना सणाच्या ना वाराच्या, मी वाटीत प्लास्टर कालवत असताना लांबलचक आकड्यांचा फोन आला. माझे हात पांढरे. तसाच उचलला.

पलीकडे लेक होती. मी जेवलो का, ते तिने विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही.

"मी फार चिडलेय," लेक म्हणाली. "बाबांवर. इतकी चिडलेय की झोप लागत नाही. आणि ते सांगायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला फोन केलाय."

मी स्टूल ओढलं आणि बसलो.

"बोल," मी म्हणालो. "काय केलं त्या माणसाने?"