फक्त चवीपुरतं

मित्रांनो, मी एका कँटीनच्या स्वयंपाकघरातली जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला हात नाहीत, हे आधीच सांगून टाकते. सुताराने घडवलं तेव्हा होते, चांगले गुळगुळीत. बाहेर जेवणाऱ्यांच्या टेबलाशी मी बरीच वर्षं मानाने उभी होते. मग पॉलिश उडालं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कांद्याच्या पोत्यांशेजारी झाली.

तिथून मला बाहेर काढलं ते ताईंच्या नवऱ्याने. ताई म्हणजे इथल्या मुख्य आचारी. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नव्हतं आणि हातांच्या खुर्चीत त्या मावत नव्हत्या. नवऱ्याने करवत आणली आणि माझे दोन्ही हात कापले. मला फार राग आला. पण ताई बसल्या, हुश्श म्हणाल्या, आणि माझा राग निम्मा उतरला.

ताईंना वजन उतरवण्याचे सल्ले देणाऱ्यांची कमतरता नव्हती. ताईंनी सगळं करून पाहिलं होतं. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. रक्तातली साखरही वाढली, तेव्हा डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. ताईंच्या भावाने नाक मुरडलं. हा म्हणे आळशी माणसांचा उपाय. आळशी! पहाटेपासून शेगडीशी राबणारी बाई! तो माझ्यावर बसायला आला असता तर मी नक्की करकरले असते.

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. ही जादू नाही, धोका असतो, पुढे आयुष्यभर थोडं थोडं खायचं, गोळ्या आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. ताई कित्येक दुपारी माझ्यावर बसून विचार करत. धोक्यापेक्षा वेगळीच भीती त्यांना खात होती.

"अहो, माझ्या हाताला चव आहे म्हणून लोक मला ओळखतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "खाण्यातली गोडीच गेली तर मी उरले कोण?"

"मला तू चालती-फिरती हवी आहेस," तो म्हणाला. "बाकी तू ठरव."

त्यांनी ठरवलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी ऑपरेशनआधी फक्त ठरवून दिलेलं पातळ घ्यायला सांगितलं. त्याने यकृत आकसतं आणि डॉक्टरांना काम करायला जागा मिळते. ताई नेमाने तेवढंच पीत. वजन मात्र हलेना. दवाखान्यात विचारलं की त्या छातीठोकपणे सांगत, वेगळं काही खाल्लं नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. आचाऱ्याच्या लेखी चव पाहणं म्हणजे खाणं नसतंच. पळीभर रस्सा, चमचाभर सूप, तळणातला एक तुकडा, मग पुढचा घाणा कसा झाला ते बघायला आणखी एक.

त्यांची धाकटी जाऊ शेजारीच भाजी चिरत असे. एके दिवशी ताई जे जे चाखतील तेवढंच ती गुपचूप एका ताटात काढत गेली. दुपारी तिने ते भरलेलं ताट ताईंसमोर ठेवलं.

"ताई, रागावू नका. एवढं आज तुम्ही चाखलंत."

ताईंनी ताट जवळ ओढून घेतलं. मग पदराने डोळे पुसून त्यांनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऑपरेशनची तारीख पुढे गेली. पळी जावेकडे गेली. जिच्या हाती त्यांनी कधी मिठाचा डबासुद्धा दिला नव्हता, तिच्याकडे. ते दिवस ताईंना फार जड गेले. त्या चिडत, माझी कड घट्ट धरत. पण वजन हळूहळू उतरू लागलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी जावेला रश्श्याची खात्री वाटेना, म्हणून तिने पळी त्यांच्या तोंडाशी नेली. ताईंनी मान वळवली.

"तूच सांग."

जावेने भीतभीत चाखलं. "मीठ कमी आहे."

ताईंचा हात डब्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून मागे आला.

"मग घाल," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, जड माणसाला 'कमी खा' म्हणायला काहीच लागत नाही. ताईंनी काय सोडलं, ते मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या घरात कुणी असं धडपडत असेल, तर टोमणे मारू नका. त्याच्या हातातलं थोडं काम आपल्या हातात घ्या.