ऊसतोडीची पुडी

"डाक्टरची चिठ्ठी हाय का? न्हाई? मंग चला फुडं!" काउंटरवरच्या मच्छिंद्रने गिऱ्हाईक वाटेला लावले आणि काचेमागे बसलेल्या समर्थकडे बघून तोंड वाकडे केले. समर्थ हा मिरजगावच्या या मेडिकलचा धाकटा मालक. मच्छिंद्रच्या मते एक नंबरचा दीडशहाणा.

थोरले सहादेवशेठ होते तेव्हा कसले आलेय चिठ्ठीचे खूळ! ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की मच्छिंद्र पुड्या बांधायचा. एक गोळी पोटात गेली की मोडलेली कंबरसुद्धा मोळी उचलायची. गोळीत काय आहे ते शेठ विचारत नसत, मच्छिंद्र सांगत नसे. शेठ गेले, हे पोरगं पुण्याहून शिकून आलं आणि पहिल्याच दिवशी पुड्या बंद! डोंबलाची तत्त्वं! बरं, दुकान बुडावं, तर तेही नाही. कर्जतला शाखा, सोनईला शाखा, आता नगरला सावेडीतसुद्धा. लोकांना अक्कल असती तर आणखी काय हवे होते!

पण मच्छिंद्रही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. एक पुडी त्याच्या खिशात कायम असे. ओळखीच्यांना, मागच्या दाराने.

तेवढ्यात एक बाई गठुडे घेऊन पायरी चढली. तोंड सुजून गरगरीत, हातपाय मात्र काटक्या.

"मच्छिंद्रभाऊ, वळखलं न्हाई व्हय? म्या भागूबाई. उद्या टोळी निघतीय. मागल्या साली धन्याच्या हातात दिल्ती, तसली पुडी द्या."

मच्छिंद्र बघतच राहिला. टोळीतली सगळ्यात चपळ बाई ही? दोन वर्षे तिचा नवराच पुडी न्यायला येत होता.

समर्थ बाहेर आला. त्याने तिला बसवले, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली.

"मावशी, ही सूज, ही वाढलेली साखर त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आलीय. त्या एकदम सोडायच्याही नसतात. आत्ता नगरला डॉक्टरांकडे चला, मी गाडी काढतो. उद्या तोडीला जायचं नाही."

"म्या न्हाई गेले तर धनी एकला काय तोडंल? उचल घेतलीया, मुकादम वसुलीला दारात उभा ऱ्हाईल!" भागूबाई कडाडली. "तुजा बाप देव हुता. तू दगड! आन् इतकी वर्सं गोळ्या दिल्या कुनी?"

समर्थने मच्छिंद्रकडे पाहिलेसुद्धा नाही.

"आमच्या दुकानानं दिल्या, मावशी. चूक आमची," म्हणत तो गाडी काढायला गेला.

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यापेक्षा समर्थने चार शिव्या घातल्या असत्या तर बरे.

भागूबाई पुढे वाकली. "भाऊ, तुमी तरी द्या. तुमच्या हातचीच लागती मला."

मच्छिंद्रचा हात खिशात गेला. पुडी बोटांना लागली.

"न्हाई, ताई. संपल्या. गाडीत बसा."

भागूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "म्हंजी तूबी त्या दीडशहान्यासारखाच झालास व्हय रं?" ती म्हणाली आणि पायरीवर थुंकली.

मच्छिंद्रने तिचे गठुडे उचलून गाडीत ठेवले.