गुरुवारची चिठ्ठी

चिठ्ठी मीच नेऊन देली होती, मंग शिव्या कोणाले देऊ? तरी देल्या. त्या ऐतवारी देवळात बसल्या बसल्या मनातल्या मनात आधी चंपतराव मास्तरले देल्या, मंग माह्या नशिबाले, अन् शेवटी ज्याचं नाव घ्यायले आम्ही तिथं जमलो होतो, त्यालेही देल्या. खोटं काहून सांगू?

एकोणीसशे अठरा सालची गोष्ट आहे. दसरा गेला होता, दिवाळी यायची होती, अन् नागपुरात मानमोडी शिरली होती. ताप यायचा, मान मोडल्यासारखी दुखायची, अन् चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस जायचा. गड्डीगोदामात आमच्या लायनीत एक घर सुटलं नव्हतं.

माहा गिरिधर सुतार होता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणत होते की पोराचं नाव बदला. मी म्हणलं, पाणी टाकाचं तेवढं टाका, नावाले हात लावू नका. तर गिरिधर तो गिरिधरच राह्यला. त्या महिन्यात त्यानं हातातला रंधा खाली ठेवला नाही. खुर्च्या अन् पलंग कोणाले पाहिजे होते? मुडद्याच्या पेट्याच करून राह्यला होता दिवसभर. अन् एका दुपारी रंधा टेकवून म्हणाला, माय, मले थंडी वाजते.

नऊ दिवस ताप. माही सून शामला नऊही दिवस त्याच्या उशाशी. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पोटात पाचवा महिना होता. मिशनच्या शाळेत शिकलेली, मले आत्याबाई म्हणे, पण बोलाचं म्हणाल तर नाव नाही. हिनं दिवसात चार शब्द काढले तर गारा पडतील, असं मी देवकीले सांगत जाव. देवकी म्हणजे आमची शेजारीण.

दहावा दिवस गुरुवार होता. सकाळी गिरिधरच्या कपाळाले हात लावला तर थंडगार. दुपारी तो दारात उन्हाले येऊन बसला अन् म्हणाला, भाकर दे, आंबाडीची भाजी दे. आमच्या घरची रीत अशी, की ताटावर आधी देवाचा उपकार मानाचा अन् मंगच घास मोडाचा. घरातलं मोठं माणूस मानते. खरं तर मोठी मी, पण मले असं गोड बोलता येत नाही, म्हणून त्याचा बाप गेल्यापासून ते काम गिरिधरच करत होता. त्या दिवशीही त्यानंच केलं, बारीक आवाजात. अर्धी भाकर खाल्ली. मंग म्हणाला, माय, भाजीत मीठ लय झालं वं. अन् हसला. मी हसली, शामलाही हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरात कोणी हसलं.

आमच्या देवळात, म्हणजे मिशनच्या गिरजात, एक पेटी होती. कोणाच्या घरी चांगलं काही झालं, दुखणं बरं झालं, की चिठ्ठी लिहून त्या पेटीत टाकाची. ऐतवारी ती वाचली जायची, त्या घरच्या माणसानं उठून उभं राहाचं, अन् सगळ्यांनी म्हणाचं, देवाचा उपकार असो. त्या गुरुवारी शामलानं चिठ्ठी लिहिली अन् मी पदर खोचून तशीच धावत गेली अन् टाकून आली. वाटेत भेटला त्याले सांगतलं, माहा लेक उठला.

शुक्रवारी दिवे लागाच्या आधी त्याले खोकला आला. तोंडातून रक्ताचा फेस आला. डॉक्टरले बोलवायले माणूस चौकापर्यंत गेला नसन, तोवर सगळं संपलं. शनिवारी सकाळी त्याले मातीत ठेवलं. त्याच्याच हातची एक लांब पेटी भिंतीले टेकून होती, तीच लागली.

शामला रडली नाही. देवकीनं वरण-भाकर आणून देली, तर शामला ताटासमोर बसली, हात जोडले, डोळे मिटले, अन् तशीच बसून राह्यली. मले आधी समजलंच नाही. मंग समजलं. ती वाट पाहून राह्यली होती. घरात आता मोठं माणूस मीच होती, अन् उपकार मी मानाचा होता.

मी म्हणलं, कोणाचा उपकार मानू? कायचा मानू? ताट मी सरकवून देलं. रात्रीही तसंच झालं, ऐतवारी सकाळीही तसंच. शामला हात जोडून बसे, मी तोंड फिरवून बसू, अन् भाकर वाळून जाये. देवकीनं मले बाजूले घेतलं अन् हळूच म्हणाली, रंभाबाई, पोरीच्या पोटात जीव आहे. तुमच्या रागापायी दोन जीव जातील. मले कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण तोंडातून शब्द निघतच नव्हता.

देवळाची घंटा झाली तशी शामला उठली, पांढरं लुगडं नेसली अन् चालू लागली. मी मागं गेली ते भक्तीनं नाही, ती वाटेत पडन या भेवानं. मनात नाही भाव अन् देवा मले पाव, अशातली गत.

अर्धे बाक रिकामे होते. पाद्रीसाहेब स्वतः तापात, म्हणून शाळेचे चंपतराव मास्तर उभे होते. आठवडाभर माणसं पुरून पुरून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. मास्तर वाचायले लागले, "रंभाबाईच्या घरून उपकारस्तुती. गिरिधरचा..." अन् तिथं त्यांच्या ध्यानात आलं. पुढचा शब्द निघाला नाही.

माह्या तर अंगाची आग झाली. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! आधी एक डाव पाहून घ्यायले काय झालं होतं या माणसाले? अन् रागाच्या खाली भेव होतं, की आता ही पोरगी इथंच मरते. मी तिले बाहेर न्यायले तिचं मनगट धरलं.

तिनं मनगट सोडवून घेतलं अन् उभी राह्यली. ज्या घरची चिठ्ठी त्या घरानं उभं राहाचं, तशी.

"मास्तर, पूर्ण वाचा," ती म्हणाली.

मास्तरनं मान हलवून नाही म्हणलं. मंग तिनंच सांगतलं, तोंडपाठ, एका सुरात. "गिरिधरचा ताप उतरला, त्यानं भाकर खाल्ली, त्याबद्दल देवाचा उपकार. हे मी गुरुवारी लिहिलं. गुरुवारी ते खरं होतं. शुक्रवारी देवानं असं काहून केलं, ते मले समजलं नाही. ते मी त्याले विचारीन. पण गुरुवार मी वापस देत नाही."

अन् उभीच राह्यली. दोन वर्षं माह्या चुलीपाशी बसलेली ही पोरगी, अन् मी तिले कधी पाह्यलंच नव्हतं. तिकडच्या बाकावर म्हातारे ताराचंद बसले होते, त्यांच्या दोन लेकी एका आठवड्यात गेल्या होत्या. ते काठी टेकत उठले. त्यांची तर चिठ्ठीही नव्हती. त्यांच्यामागं देवकी उठली. मंग एक एक करत सगळं देऊळ उठलं. ज्याच्या घरात मौत झाली नाही असं त्यात कोणी नव्हतं. शेवटी मास्तर बारीक आवाजात म्हणाले, देवाचा उपकार असो, अन् सगळे तेच म्हणाले.

मी नाही उठली. मी खाली बसून माह्या सुनेकडं वर पाहून राह्यली होती, अन् मले भेव वाटलं, पाद्रीसाहेबाच्या उपदेशानं जन्मात कधी वाटलं नाही असं. त्या दिवशी देव तिथं आला होता, असं मी म्हणते. तुम्ही मानाचं तर माना.

घरी आल्यावर मी चूल पेटवली. भाकरी थापल्या, आंबाडीची भाजी टाकली. ताट शामलासमोर ठेवलं. तिनं हात जोडले, डोळे मिटले. मीही समोर बसली अन् हात जोडले. भाकरीची वाफ निघून गेली.

"देवा," मी म्हणलं, "माहा लेक तू नेला. तुह्यावर माहा राग आहे, अन् तो आज जाणार नाही. गुरुवारी त्यानं अर्धी भाकर खाल्ली. त्या अर्ध्या भाकरीचा उपकार. आमेन."

शामलानं डोळे उघडले. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीले लावला, तोंडात घातला अन् हळूहळू चावला. मंग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायले लागलं, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मीठ लय झालं."

अन् तिनं दुसरा घास मोडला.