मी नुसतं पाणी फिरवलं

मित्रांनो, मी एक जुना भोवरापंप आहे. हे नाव माझ्या मालकांनी ठेवलं. दुकानात शोधायला जाऊ नका, मिळणार नाही, आणि मिळाला नाही म्हणून काही बिघडतही नाही. तांब्याचं नरसाळं, धुलाई यंत्राची मोटर, मोडक्या स्पीकरांतून काढलेली सहा चुंबकं आणि एक रबरी नळी, झालो मी तयार! मोटर लावली की नरसाळ्यात पाणी गरागरा फिरायचं आणि खालच्या बरणीत पडायचं.

मालकांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. हातात कसब होतं. माझा एकही सांधा कधी गळला नाही. पण निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. भोवऱ्यात फिरलं की पाण्याचे ध्रुव जागे होतात, चुंबकांजवळून गेलं की त्याचं ध्रुवीकरण होतं, आणि असं पाणी शरीरातला कुठलाही बिघाड दुरुस्त करतं म्हणे! अहो, मी आतून पाहिलंय ना! आत जाताना पाणी, बाहेर येताना पाणी. जरा कोमट व्हायचं, तेही मोटर तापायची म्हणून. पण शेजारी यायचे, "काय डोकं चालवलंय!" म्हणायचे. मीही तेव्हा फुगून गेलो, खोटं कशाला बोलू?

मालकीणबाईंना काचबिंदू होता. "रोज दोनदा थेंब घाला. एक दिवससुद्धा चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थेंबांनी त्यांचे डोळे चुरचुरायचे. मालक म्हणाले, "अगं, कशाला ती जळजळ? माझं पाणी पी, त्यानेच डोळे धू. दर रविवारी आपण मोजून बघू."

थेंब बंद झाले आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागला. दर रविवारी बाई स्टुलावर बसायच्या, एकेक डोळा झाकून तक्ता घडाघडा वाचायच्या. मालक वहीत शाईने लिहायचे, 'उत्तम'. अडखळल्या तर पेन्सिलीने लिहायचे, माझी चुंबकं इकडेतिकडे सरकवायचे आणि पुन्हा वाचायला लावायचे. बरोबर आलं की पेन्सिल पुसून शाई! दहा महिने वही अशी भरत गेली. दहा महिने तक्ता तोच.

त्याच दहा महिन्यांत बाई बादलीला अडखळू लागल्या. दाराची चौकट खांद्याला लागू लागली. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून मालक हसायचे. माझा जीव तुटायचा. पण मला तोंड एकच, आणि त्यातून फक्त पाणी पडायचं.

मग मुलगी माहेरी आली. पाण्याचा पेला समोर असून आई तो चाचपडत शोधतेय, हे तिने पाहिलं. कागदावर वेगळी अक्षरं लिहून तिने तो तक्त्यावर चिकटवला.

"आई, उजवा डोळा झाक आणि वाच."

बाईंनी वाचलं. वरपासून खालपर्यंत, न अडखळता, जुनाच तक्ता वाचला.

मुलगी आईजवळ जाऊन बसली. "आई, तिथली अक्षरं मी बदललीत गं."

बाई जराशा ओशाळल्या. "पाठच झाला होता मला. बरोबर आलं की ह्यांचा चेहरा असा फुलायचा! म्हणून म्हणत गेले."

मालक उठले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्याकडे आले. "एखादं चुंबक उलटं बसलं असेल. थांबा, आत्ता बघतो." तेव्हा मला त्यांची इतकी चीड आली म्हणून सांगू! मुलीने त्यांचा हात धरला. "बाबा, आधी थेंबांची बाटली कुठे आहे ते सांगा."

डावा डोळा कायमचा गेला. उजवा थेंबांवर टिकून आहे.

आता मी त्याच खोलीत टेबलाखाली धूळ खातो. माझी कीव करू नका, माझी लायकी तीच. मालक रोज दोनदा स्वतः थेंब घालतात, उजव्या डोळ्यात आणि मग डाव्यातही. "अहो, त्यात आता कशाला?" असं बाई विचारतात. ते बाटलीचं झाकण घट्ट लावतात आणि ती जागेवर ठेवतात.

मित्रांनो, यंत्रं खुशाल बनवा. पण चुकलेली नोंद पुसू नका, औषध बंद करू नका, आणि आपल्या यंत्राची परीक्षा घरच्या माणसावर घेऊ नका. तुमच्यावर जीव असलेलं माणूस तुमच्यासाठी खोटं बोलतं.