फाट्यापर्यंतचं गाणं

माझे सासरे किसनराव, आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणते, रस्त्यानं निघाले की गावाची हजेरी घेत निघतात. वावरात कोणी दिसला की थांबणार, कपाशीची चौकशी करणार, मग पुढचं पाऊल. त्यात गेल्या साली उजव्या गुडघ्याच्या दुखण्यानं डोकं वर काढलं, तेव्हापासून चाल आणखीच मंदावली.

त्यांच्या मागे दोन हात अंतर ठेवून सासूबाई, विमलताई. लग्न होऊन आल्यापासून त्या तशाच चालतात. बाजार असो, लग्न असो, शेत असो, आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको मागे. मी माझ्या नवऱ्याच्या, अक्षयच्या बरोबरीनं चालते तर बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या!

सासूबाईंची साखर वाढली तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी बजावलं, "गुडघे जपायचेत, म्हणून धावू नका. पण रोज भरभर चाला. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोजचं इंजेक्शन सुरू करावं लागेल." सासूबाईंच्या आईनं शेवटची वर्षं पोटात सुया टोचून घेत काढली होती. सुईचं नाव काढलं तरी यांचा चेहरा उतरतो. म्हणून रोज सकाळी दोघं बाभुळगावच्या फाट्यापर्यंत जाऊन यायला लागले. खंड म्हणून पडू दिला नाही.

तीन महिन्यांनी तपासणी केली, तर साखर जिथल्या तिथे. मी चक्रावलेच. डॉक्टरबाईंनी विचारलं, "चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागतो का तुम्हाला?"

"अवं बाई, मी तं रोज गाणेच म्हणतो," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "लहानपणचे भुलाबाईचे सारे गाणे होतेत फाट्यापर्यंत."

"मग जरा पाय उचला की!"

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "यायच्या पुढं कशी जाऊ?"

मला असा राग आला म्हणता! आणि तो काढायचा कोणावर, तेही कळेना. डॉक्टरबाईंनी आणखी तीन महिने दिले, शेवटचे म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्यासोबत निघाले. गावाबाहेर आल्यावर मामाजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"चाल, पुढं हो."

"लोक काय म्हणतीन?" सासूबाई जागच्या हलेनात.

"म्हणू दे. तुले सुई पायजे काय?"

त्या निघाल्या. आधी बिचकत, मग लुगड्याचा काठ हातात धरून झपझप. हे पाऊल इतकी वर्षं कुठे दाबून ठेवलं होतं बाईनं? बघता बघता त्या सोयाबीनच्या वावरापलीकडे गेल्या, आणि मला चक्क रडू आलं.

मामाजी मात्र कान देऊन उभे होते. "समीक्षा, तिचं गाणं आयकू नाई येऊन राह्यलं वं."

"दम लागला असन, मामाजी. तोच तं पायजे."

"मांगून गाणं आयकू ये, म्हणून मी कधी वळून पाह्यलं नाई," ते हळूच म्हणाले. "मी मांगं येऊन राह्यलो का नाई, हे आता तिले कसं समजन?"



मामाजी लंगडत चालू लागले. जन्मात कधी आरतीलाही तोंड न उघडलेल्या त्या माणसानं घसा खाकरला आणि पोरींनी म्हणायचं भुलाबाईचं गाणं सुरू केलं, भसाड्या आवाजात, पार त्या टोकापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं. वावरातली माणसं खुरपं थांबवून बघायला लागली. मामाजींनी कोणाचीच चौकशी केली नाही.

सासूबाई वळल्या नाहीत. चालता चालताच त्यांनी एक हात वर केला.

मी शब्द ऐकत होते. एकही चुकत नव्हता.